लग्न पाहावे करून... पण कुणी?

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा वापरली असेल, त्याला 'करून' या क्रियेचा कर्ता कोण हे पक्कं ठाऊक होतं. मुलीचा बाप, त्याचे भाऊबंद, पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या घरातल्या बायका आणि गावातले बलुतेदार. त्यांचे हाल अख्ख्या गावाला दिसत. आजच्या लग्नात, त्यातही आमच्या इकडच्या म्हणजे अमेरिकेतल्या देशी लग्नात, हा कर्ता वाक्यातून गायब झाला आहे. लग्न कुणी करत नाही, ते 'होतं'. 'काय सुरेख झालं हो लग्न!' मांडव उभारला जातो, फुलं लावली जातात, ताटं उचलली जातात. कुणाकडून, ते विचारायचं नाही. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग बऱ्याच वर्षांनी उपयोगी पडला म्हणायचा.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. हा कर्ता आपोआप नाहीसा झालेला नाही. तो दिसू नये यासाठी आपण पैसे मोजतो. आणि मग तो दिसला नाही, म्हणजे त्याने काही केलंच नाही, असं म्हणून त्याच्याच पैशांची घासाघीस करतो. हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे, आणि तो करण्यात आपण शिकलीसवरलेली, स्वतःला न्यायी समजणारी मंडळी आघाडीवर आहोत.

आमच्या हापिसात दुपारी डबे उघडले की देशी मंडळींचं एक टेबल जमतं. मध्यंतरी तिथे एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचा हिशोब चालला होता. 'वेडिंग प्लॅनरला आठ हजार डॉलर दिले. केलं काय तिने? चार फोन आणि एक एक्सेल शीट! लग्नात तर काही अडचण आलीच नाही.' सगळ्यांनी माना डोलावल्या. आता गंमत बघा. हे गृहस्थ नव्वदीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आले ते 'वाय टू के'च्या कामावर. सालाचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्रॅम १ जानेवारी २००० रोजी कोसळू नयेत म्हणून हजारो भारतीय पोरांनी रात्री जागवल्या, कोबोलच्या लाखो ओळी तपासल्या. एक तारीख उजाडली आणि विशेष काही झालं नाही. तेव्हा अमेरिकन वर्तमानपत्रांतून सूर निघाला, की हा सगळा बागुलबुवा होता, उगाच पैसे उधळले. त्या वेळी आपली मंडळी किती चिडली होती! 'काही झालं नाही, कारण आम्ही ते होऊ दिलं नाही,' हे वाक्य या सहकाऱ्यांच्या तोंडून मी स्वतः ऐकलं आहे. तेच वाक्य प्लॅनरबाईंच्या तोंडी घालून पाहायला काय हरकत आहे?

माझा स्वतःचा धंदा यंत्रणा बंद पडू नयेत याचाच आहे. आमच्याकडे 'काहीही घडलं नाही' हा वर्षभराचा सर्वोत्तम अहवाल असतो आणि त्यावर पगारवाढ मिळते. दुसऱ्याने तेच केलं की मात्र ते 'चार फोन' ठरतात.

आता हे चार फोन कसले असतात ते पाहू. मध्य न्यू जर्सीतलं एखादं हॉटेल धरा, एडिसन-आयसलिनच्या ओक ट्री रोडपासून दहा मिनिटांवरचं. तीनशे पाहुणे, सकाळी दहा-सतराचा मुहूर्त, संध्याकाळी त्याच दालनात स्वागतसमारंभ. पुण्याच्या मंगल कार्यालयात यातल्या निम्म्या गोष्टी गुरुजी आणि व्यवस्थापक यांच्यात नजरेने ठरतात. इथे नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अग्नी. लाजाहोमाशिवाय आणि सप्तपदीशिवाय आपलं लग्न लागत नाही, आणि हॉटेलच्या छताला धूर ओळखणारी यंत्रं व पाण्याचे फवारे बसवलेले. होम पेटला की अख्खं हॉटेल रिकामं व्हायचं. म्हणून गावच्या अग्निशमन अधिकाऱ्याची परवानगी काढायची, होमकुंड केवढं, खाली काय अंथरणार, ज्वाळा किती उंच जाणार ते कळवायचं, ठरल्या वेळेपुरती तेवढ्याच दालनाची यंत्रं बंद ठेवायची व्यवस्था करायची, आणि तेवढा वेळ तिथे पहाऱ्याला माणूस उभा करून त्याचे पैसे भरायचे. मुहूर्त वीस मिनिटं पुढे सरकला (आणि तो सरकतोच) की ही सगळी साखळी पुन्हा हलवायची. पाहुण्यांना त्या वेळी फक्त मंगलाष्टकं ऐकू येत असतात.

दुसरी गोष्ट विमा. फुलवाला, मांडववाला, ढोल-ताशावाला, छायाचित्रकार, प्रत्येकाने आपल्या विम्याचं प्रमाणपत्र हॉटेलकडे पाठवायचं, बहुधा दहा लाख डॉलरचं, आणि त्यात हॉटेलचं नाव घालून घ्यायचं. हल्ली मराठी वरातीलाही घोडा लागतो (हिंदी सिनेमाची कृपा), तेव्हा घोड्याचाही विमा. एकाचा कागद राहिला तर त्याची गाडी पहाटे हॉटेलच्या मागच्या दारातच अडते. तिसरी गोष्ट सरकारी परवाना. न्यू जर्सीत विवाहाच्या परवान्यासाठी अर्ज केल्यावर ७२ तास थांबावं लागतं, शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये परवाना मिळाल्यावर २४ तास. आदल्या दिवशी भारतातून उतरलेल्या नवऱ्या मुलाला ही गोष्ट कुणीतरी महिनाभर आधी सांगावी लागते. आणि भटजी? ते सोमवार ते शुक्रवार आपल्यासारखेच कुठेतरी संगणकापुढे बसलेले असतात. त्यांची शनिवारची दोन लग्नं एकमेकांवर आदळू नयेत हे बघणंही कुणाच्यातरी वहीत लिहिलेलं असतं.

फुलांचं तर काय सांगावं. मांडवाला जे गुलाब आणि कार्नेशन लागतात, त्यांतले बरेचसे विमानाने कोलंबिया किंवा इक्वेडोरहून येतात. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या ताज्या फुलांपैकी दहातली नऊ मायामी विमानतळावर उतरतात. बोगोताभोवतीचं पठार विषुववृत्ताजवळ आणि उंचावर, त्यामुळे बारा महिने सारखा उजेड आणि गार हवा. शिवाय १९९१ साली अमेरिकेने अँडीज पर्वतातल्या देशांना व्यापारात सवलत दिली, कोकाच्या पिकाऐवजी लोकांनी दुसरं काही पिकवावं म्हणून. त्या फुलशेतीत खुडणाऱ्या, निवडणाऱ्या, जुड्या बांधणाऱ्या बहुसंख्य बायका. तिथून शीतपेट्यांतून मायामी, तिथे कीड आहे का म्हणून सरकारी तपासणी, मग शीतगाड्यांतून उत्तरेला. शुक्रवारी रात्री न्यू जर्सीतल्या एखाद्या गोदामात चारपाच जणी पाय दुखेपर्यंत उभ्या राहून ती फुलं तारेत ओवतात. शनिवारी दुपारी आपण त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढतो आणि रविवारी सकाळी ती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत जातात. त्या पिशव्याही कुणीतरी उचलतं.

आमच्या भागात एक मराठी ताई आहेत, मूळच्या सोलापूरकडच्या. आठवडाभर एका बँकेत नोकरी आणि शनिवार-रविवार मांडव. त्यांना मी एकदा विचारलं, 'ताई, या सगळ्यात कठीण काय?' मला वाटलं अग्नीची परवानगी म्हणतील. त्या म्हणाल्या, 'कठीण काहीच नाही रे. चेहरा हसता ठेवणं तेवढं कठीण. मुलीची आई येऊन माझ्यावर ओरडते, कारण तिला विहिणीवर ओरडता येत नाही.'

या कामाला समाजशास्त्रात नाव आहे. आर्ली हॉक्शील्ड या कॅलिफोर्नियातल्या विदुषींनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं, त्यात विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून त्यांनी 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. म्हणजे पगारासाठी स्वतःच्या मनातलं दाबून समोरच्याला बरं वाटेल असं वागणं. २०१२ सालच्या 'द आउटसोर्स्ड सेल्फ' या पुस्तकात तर त्यांनी लग्नाचं व्यवस्थापन करणाऱ्यांवरच लिहिलं आहे. आपल्याकडे हे काम पूर्वी एखादी थोरली आत्या किंवा मावशी करायची. विहिणींचे रुसवेफुगवे काढायचे, मानपानात राहिलेली साडी गुपचूप पुरवायची, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही ते लक्षात ठेवायचं. आत्याला त्याचे पैसे मिळत नव्हते, पण 'आत्या होती म्हणून निभावलं' असं चारचौघांत म्हटलं जायचं. आता पैसे मिळतात आणि ते वाक्य गेलं. आणि पैशांवरही नजर आहेच!

पण प्लॅनर ही या उतरंडीतली वरची पायरी आहे. तिला निदान करारनामा असतो, विसार घेता येतो, फोन बंद करता येतो. खरी गोष्ट तिच्या खाली आहे.

पीएचडीच्या काळात एका उन्हाळ्यात माझ्या प्राध्यापकांकडे माझ्यासाठी तीन महिने पैसे नव्हते. विद्यार्थी व्हिसावर आवाराबाहेर नोकरी करता येत नाही, आवारात येते. आमच्या विद्यापीठाचं स्वतःचं मेजवान्यांचं सभागृह होतं, शनिवारी तिथे लग्नं असत. तिथे मी वाढपी होतो. काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट. पहिल्याच दिवशी मुकादमबाईंनी नियम सांगितला, की चांगला वाढपी तो, ज्याचा चेहरा पाहुण्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. पाहुण्यांच्या बाजूला गालिचा होता, आमच्या बाजूला सिमेंट. मधे दोन झुलती दारं, एक जायचं आणि एक यायचं, चुकलात तर समोरून येणारा ट्रे तोंडावर. लग्नविधी झाला की पाहुण्यांना शेजारच्या दालनात पेयं आणि चटकमटक द्यायला नेत, त्याला 'कॉकटेल अवर' म्हणतात. मला वाटायचं हा आदरातिथ्याचा भाग. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात आम्ही पंधरा जण तीनशे खुर्च्या उचलून, तीस गोल टेबलं लोटत आणून, चादरी घालून, काटेचमचे मांडून अख्खी खोली बदलून टाकत असू. या प्रकाराला इथे 'फ्लिप' म्हणतात. पाहुणे परत आले की 'वाहवा!' करत. ही वाहवा खोलीला असायची.

आपल्या लग्नात अंतरपाट धरतात आणि मुहूर्ताला तो दूर करतात. पाहुणे आणि राबणारे यांच्यामधला पडदा मात्र शेवटपर्यंत दूर करायचा नसतो, कारण तो राखण्याचेच पैसे घेतलेले असतात.

आता त्या पैशांकडे येऊ. अमेरिकेतल्या कुठल्याही हॉटेलच्या मेजवानीच्या बिलावर शेवटी एक ओळ असते, 'सर्व्हिस चार्ज', बहुधा १८ ते २५ टक्के. समजा तीनशे पाहुणे, माणशी दीडशे डॉलर, म्हणजे ४५,००० डॉलर. त्यावर २२ टक्के म्हणजे ९,९०० डॉलर. मुलीचे वडील ही ओळ बघून सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, 'चला, पोरांची बक्षिसी यातच आली.' आणि मग जाताना खिशात हात घालत नाहीत. त्यांच्या मते त्यांनी दहा हजार डॉलर वाढप्यांना दिलेले असतात.

दिलेले असतात का? अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार गिऱ्हाईकाने स्वखुशीने दिलेली ती 'टिप' आणि बिलात सक्तीने लावलेला तो 'सर्व्हिस चार्ज', या दोन वेगळ्या जाती आहेत. टिप कामगाराची. २०१८ सालच्या कायद्याने तर मालकाने ती ठेवून घ्यायला साफ बंदी केली. सर्व्हिस चार्ज मात्र मालकाची मिळकत. त्यातलं कामगारांना किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे केंद्रीय कायदा सांगत नाही. कर खात्याचाही हाच कौल आहे, जानेवारी २०१४ पासून अशी सक्तीची रक्कम टिप नव्हे असं ते काटेकोरपणे मोजतं. २०२५ साली टिपवरच्या प्राप्तिकरात २०२८ पर्यंत सूट देणारा कायदा झाला, त्याचा केवढा गाजावाजा झाला! ती सूटही फक्त स्वखुशीच्या टिपला. म्हणजे तुमच्या बिलातले ते २२ टक्के वाढप्यापर्यंत पोचले तरी त्याला ही सवलत नाही, आणि न पोचले तर काहीच नाही. हे त्या देशात, जिथे टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर अडकलं आहे. (अनेक राज्यांनी ते वाढवलं आहे आणि मेजवानीच्या वाढप्यांना सहसा त्याहून बरा दर मिळतो, पण केंद्राची तळरेषा ही अशी आहे.)

सगळीकडे अंधार आहे असंही नाही. ज्या हॉटेलांत 'युनाइट हिअर'सारखी कामगार संघटना आहे, तिथे या रकमेतला वाढप्यांचा वाटा करारात लिहिलेला सापडतो. आणि न्यूयॉर्कमध्ये २००८ साली एक फार महत्त्वाचा निकाल लागला. हडसन नदीवर बोटींतून मेजवान्या देणाऱ्या 'वर्ल्ड यॉट' कंपनीवर तिच्या वाढप्यांनी दावा लावला होता, की गिऱ्हाइकांकडून सेवेच्या नावाखाली घेतलेली रक्कम आम्हाला मिळत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं, की रक्कम सक्तीची असली म्हणून मालक सुटत नाही. सर्वसाधारण गिऱ्हाईक जर ती रक्कम वाढप्यांची बक्षिसी समजत असेल, तर ती वाढप्यांची. पुढे २०११ च्या नियमांत तिथे असं ठरलं, की सेवेसाठी लावलेली रक्कम बक्षिसीच आहे असं गृहीत धरायचं, आणि तसं नसेल तर मालकाने गिऱ्हाइकाला लेखी, स्पष्ट सांगायचं.

या निकालातली खुबी लक्षात घ्या. वाढप्याचा हक्क कशावर ठरला? तुम्ही-आम्ही, म्हणजे बिल भरणाऱ्याने काय समजून पैसे दिले, यावर. म्हणजे आपण ती ओळ वाचली का, विचारलं का, आपला समज काय होता, याला किंमत आहे. 'आपल्याला काय करायचंय, हॉटेल बघून घेईल' हे आपलं आवडतं वाक्य कुणाच्यातरी ९,९०० डॉलरवर पाणी सोडू शकतं. मी हे टेबलावर मांडलं तेव्हा उत्तर आलं, 'अरे, एवढ्या गडबडीत हे कोण विचारणार?' ज्या गृहस्थांनी मांडवाच्या खांबामागे चाळीस डॉलरसाठी पाऊण तास ईमेल लिहिल्या होत्या, त्यांचं हे उत्तर!

देशी केटरर आणि देशी मांडववाले यांच्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर सगळं पाप गोऱ्या हॉटेलांच्या माथी मारल्यासारखं होईल. तिथे हिशोब पुष्कळदा रोखीचा असतो. माणसं आठवड्याच्या कामावर, कागदोपत्री 'स्वतंत्र कंत्राटदार'. म्हणजे जादा तासांचा दर नाही आणि बेकारभत्ता नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली गाद्या पोचवणाऱ्या कामगारांच्या खटल्यात सांगितलं, की स्वतंत्र कंत्राटदार असं नुसतं लिहून भागत नाही. माणूस मालकाच्या हुकमाबाहेर आहे, त्याचं काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग नाही किंवा मालकाच्या जागांवर चालत नाही, आणि त्याचा स्वतःचा वेगळा धंदा आहे, हे मालकाने सिद्ध करायचं. शुक्रवारी रात्री तारेत फुलं ओवणाऱ्या बाईंचा कसला वेगळा धंदा असणार? पण खटला लावायला ती बाई दिसायला लागते, आणि आपल्याला ती हवी आहे स्वस्त. 'आपल्यातलाच केटरर आहे, निम्म्यात करून देतो' असं कौतुकाने सांगताना उरलेलं निम्मं कुणाच्या खिशातून गेलं, हे कुणी विचारत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळी लग्नं एका आठवड्यात थांबली आणि पडदा थोडा वर गेला. विसार परत मागणाऱ्या मंडळींचा युक्तिवाद असा, की 'लग्न झालंच नाही, म्हणजे काम झालंच नाही.' प्रत्यक्षात आठ-आठ महिन्यांचं काम होऊन गेलं होतं, आणि पुढे तारखा दोनदा-तीनदा बदलल्या तेव्हा तेच काम त्याच पैशांत पुन्हा करायला लावलं गेलं. २७ मार्च २०२० च्या मदत कायद्याने स्वयंरोजगारवाल्यांनाही बेकारभत्त्यासारखी मदत दिली. ज्यांच्याकडे कागदपत्रं नव्हती, त्यांना तीही नाही. न्यूयॉर्क राज्याने अशा वगळलेल्या कामगारांसाठी २०२१ साली २१० कोटी डॉलरचा निधी काढला, कारण हे लोक आहेत हे मान्य केल्याशिवाय गत्यंतर उरलं नव्हतं.

आता आक्षेपांकडे. पहिला, लग्नाचं नाव काढलं की हे लोक भाव वाढवतात. वाढवतात, खरं आहे. वाढदिवसाचा आणि लग्नाचा फुलांचा दर वेगळा असतो. काही प्लॅनर मांडववाल्यांकडून गुपचूप दलाली खातात, तेही खरं, आणि ते वाईटच. दलाली घेता का, असं तोंडावर विचारा. पण भावातला बराचसा फरक याचा असतो, की लग्नाला रंगीत तालीम नसते. वाढदिवसाचा केक तासभर उशिरा आला तर चालतो, मुहूर्त टळून चालत नाही. जादा माणूस, जादा गाडी, जादा फुलं हाताशी ठेवावी लागतात. आमच्या धंद्यात याला राखीव क्षमता म्हणतात आणि तिचे पैसे कुणी नाकारत नाही.

दुसरा आक्षेप, एवढी लग्नं करावीतच कशाला? या आक्षेपाला माझा सलाम. नोंदणी कार्यालयात जाऊन चार माणसांत लग्न करणाऱ्यांपुढे मी काय बोलणार? पण हा आक्षेप घेणारी मंडळी पाहुण्यांची यादी कमी करत नाहीत, दर कमी करायला निघतात. खर्च कमी करायचा तर पंगत कमी करा, वाढप्याची मजुरी नको.

तिसरा आक्षेप खास मायदेशातून येतो. 'आमच्या वेळी सगळं घरच्या घरी व्हायचं.' घरच्या घरी म्हणजे कुणी? त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' हे १९१५ सालचं पुस्तक काढून पाहा. गावातल्या बलुतेदारांची कामं आणि त्या कामांबद्दलचे त्यांचे हक्क तिथे तपशिलाने लिहिले आहेत. लग्नकार्यातही कुंभाराची बोळकी, परटाच्या पायघड्या, गुरवाच्या पत्रावळी ठरलेल्या. त्या जगात करणाऱ्याचं नाव होतं, पण सुटका नव्हती. काम जन्माने गळ्यात पडलेलं, आणि ज्याच्या वाजंत्रीशिवाय वरात निघत नाही त्याला पंगतीत जागा नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, तेव्हा या हक्कांची दुसरी बाजू पांढरपेशा वाचकाला कळली. तेव्हा मी काही जुन्या काळाचे गोडवे गात नाही. जातीचा जाच जायलाच हवा. पण त्याबरोबर करणाऱ्याचं नावही पुसून टाकायची काय गरज होती?

आणि हे सगळं अमेरिकेचं म्हणून बाजूला सारू नका. आपल्याकडे वरातीत डोक्यावर दिव्यांची झाडं घेऊन चालणारी बाई तुम्ही शेकडो फोटोंत पाहिली असेल, म्हणजे खरं तर पाहिली नसेल, कारण फोटोत ती नेहमी कापलेली असते. भारतात सर्व्हिस चार्जवर वाद झालाच. २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ठीक आहे. पण त्या वादात मी जे वाचलं त्यात गिऱ्हाइकाच्या खिशाची चर्चा पानोपानी होती. वाढप्याच्या खिशाची कितीशी होती, ते तुम्हीच आठवा.

न दिसणारा माणूस कायद्याला दिसू शकतो, हे महाराष्ट्राला कुणी अमेरिकेतून सांगायची गरज नाही. पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. रोज वेगळ्या मालकाकडे राबणाऱ्या माणसाची नोंद, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी एका मंडळाकडे देण्याची ती व्यवस्था. रोज वेगळ्या मांडवात राबणाऱ्यासाठी असं काही सुचूच नये, इतके आपण अडाणी नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी एवढं करावं. सही करण्याआधी लेखी विचारा, की सेवेच्या नावाने घेतलेल्या रकमेतलं वाढणाऱ्यांना किती जातं? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा, आणि जाताना वाढप्यांच्या हातात वेगळं पाकीट द्या. केटररला विचारा, की किती माणसं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत राबणार? शेवटचा हप्ता 'बघू, हनिमूनहून आल्यावर' असं न म्हणता ठरल्या दिवशी द्या, कारण त्यातूनच पुढे फुलं ओवणाऱ्या बाईंची मजुरी निघते. स्वागतसमारंभात वीस मिनिटं आभारप्रदर्शन चालतं, त्यात कॅलिफोर्नियाहून आलेल्या चुलतभावाच्या मेहुण्याचंही नाव असतं. त्यात मांडव घालणाऱ्यांची नावं घ्यायला अर्धं मिनिट पुरेल, आणि त्यासाठी आधी ती विचारून घ्यावी लागतील.

शेवटचं एक. करारात 'व्हेंडर मील' नावाची ओळ असते, म्हणजे राबणाऱ्यांचं जेवण. पैसे वाचवायला सर्वांत आधी तिच्यावर काट मारली जाते. यजमानाने पंगतीतून फिरत प्रत्येकाला 'सावकाश होऊ द्या' म्हणायची आपली रीत आहे. पहाटे चारला आलेली माणसं रात्री अकरापर्यंत उभी असतात. त्यांचं जेवण झालं का, हे बघायला एकदा त्या झुलत्या दाराच्या पलीकडे जाऊन या.